मदत हवी आहे: अल्बम डिझाइन आणि गेमिंग दोन्हीसाठी मॉनिटर, आज रात्रीच ठरवायचंय

अल्बमवाला_मिरज
नमस्कार मंडळी. ऑफर रात्री बारापर्यंतच आहे म्हणून घाईत लिहितोय. दोन मॉनिटर काढलेत. एक आयपीएस पॅनेलचा, एसआरजीबी (स्क्रीनची नेहमीची रंगपट्टी) ९९ टक्के, पिक्सेल बदलायला ५ एमएस (मिलिसेकंद). दुसरा व्हीए पॅनेलचा, १ एमएस, १६५ हर्ट्झ (सेकंदाला १६५ फ्रेम). किंमत सारखीच. कुठला घेऊ? हळदीचे फोटो छापून आले की पिवळा पार उतरलेला, नवरीचा चेहरा तापातून उठल्यासारखा. पार्टीनं पैसे अडवलेत.

रात्रपाळी
डोळे झाकून व्हीए. १६५ वर एकदा खेळलं की ६० कडे बघवत नाही.

शाईचा_वास
बजेट? साइज? ग्राफिक कार्ड? गेम कोण खेळतं? काहीच लिहिलं नाहीत.

अल्बमवाला_मिरज
२७ इंची, १८ हजार. पोरगा व्हॅलोरंट खेळतो. कार्ड चांगलं आहे. दोन्हीतला कुठला तेवढं सांगा ना.

शाईचा_वास
"चांगलं" हे कार्डाचं नाव नाही. असो. खोक्यावरच्या १ एमएसला भुलू नका. पुष्कळदा तो एमपीआरटीचा (हलतं चित्र डोळ्याला किती पुसट दिसतं त्याचा) आकडा असतो, बॅकलाइटची म्हणजे पडद्यामागच्या दिव्याची उघडझाप करून मिळवलेला. पिक्सेलला एका करड्या छटेवरून दुसरीवर जायला लागणारा वेळ निराळा. १६५ हर्ट्झला एक फ्रेम जेमतेम ६ एमएस टिकते. व्हीएचा पिक्सेल काळ्यावरून गडद करड्यावर जाताना सगळ्यात रेंगाळतो, मग अंधाऱ्या सीनमध्ये माणसामागे काजळ फासल्यासारखा फराटा दिसतो.

रात्रपाळी
माझ्याकडे नाही दिसत. ओव्हरड्राइव्ह (पिक्सेल लवकर बदलायला लावणारी मॉनिटरमधली सेटिंग) वाढवायचा. आणि काँट्रास्टचं (पांढऱ्या-काळ्यातल्या फरकाचं) बोला की! आयपीएस साधारण १०००:१, व्हीए ३०००:१. दिवे घालवून बघा, आयपीएसचा काळा राखाडी दिसतो.

शाईचा_वास
ओव्हरड्राइव्ह ताणला की फराट्याऐवजी उलटी पांढुरकी सावली येते. आणि अल्बम कुणी दिवे घालवून करत नाही. नवरीकडची चार माणसं स्क्रीनभोवती बसतात. व्हीएवर बाजूनं बघणाऱ्याला शालूचा रंग फिका दिसतो, मग वाद सुरू. ह्या कामाला आयपीएसच.

निवृत्त_कोथरूड
मी ४३ इंची टीव्हीच जोडला आहे. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोठी अक्षरं फार बरी पडतात. दर वीस मिनिटांनी लांब बघत जा.

तांबडा_हिरवा_निळा
थांबा जरा. पिवळा फोटोशॉपमध्ये नीट दिसतो आणि छापल्यावरच उतरतो का? लॅबला फाइल कशात जाते?

अल्बमवाला_मिरज
जेपेगमध्ये. अहो, मी मॉनिटरचं विचारतोय.

तांबडा_हिरवा_निळा
फॉरमॅट नाही, कलर स्पेस, म्हणजे रंगांचे आकडे कुठल्या मापात लिहिलेत ते. फोटोशॉपच्या एडिट मेन्यूत 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' उघडा. वर सोर्सला काय लिहिलंय?

अल्बमवाला_मिरज
अडोबी आरजीबी (१९९८). कॅमेऱ्यातही तेच ठेवलंय. जास्त रंग येतात असं एका वर्कशॉपला सांगितलं होतं.

तांबडा_हिरवा_निळा
मग मॉनिटर बदलूनही हळद फिकीच येणार. अडोबी आरजीबीचा आवाका मोठा, म्हणून तोच रंग तिथे वेगळ्या आकड्यांत लिहिला जातो. एसआरजीबीतला भडक लाल २५५, तर अडोबीत तोच २१९. लॅबच्या मशिननं प्रोफाइल (फाइलमधली कलर स्पेसची नोंद) न बघता २१९ हा एसआरजीबीचाच आकडा धरला की लाल मेला. चेहऱ्याचं आणि हळदीचंही तेच. तुमच्या स्क्रीनवर फोटोशॉप प्रोफाइल वाचून दाखवतं, म्हणून तुम्हाला कळत नाही. 'कन्व्हर्ट' करून एसआरजीबी पाठवा. 'असाइन' (आकडे तेच ठेवून नुसती नोंद बदलणं) करू नका, नाहीतर तुमच्याच हातानं रंग उतरेल.

रात्रपाळी
हे माहीत नव्हतं. पण मॉनिटरचं काय ठरलं?

शाईचा_वास
त्या दोन्हींवर अडकू नका. १८ हजारांत १४४ हर्ट्झचे आयपीएस मिळतात, बापलेक दोघांचं भागेल. ब्राइटनेस १२० निट्सच्या (निट म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) आसपास ठेवा. नवा मॉनिटर लखलखीत असतो, त्यावर बेतलेला फोटो कागदावर काळवंडतो. जमलं तर कुणाचा कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र) दिवसभर मागून आणा.

अल्बमवाला_मिरज
लॅबला आत्ताच फोन लावला. त्यांना एसआरजीबीच लागते म्हणे, चार वर्षांत एकदाही सांगितलं नाही. हळदीची दोन पानं कन्व्हर्ट करून पाठवलीत, परवा येतील. ऑफर गेली तर जाऊ दे. पोराला विचारलं, कार्ड जीटीएक्स १६५० आहे.

रात्रपाळी
व्हॅलोरंटला पुरतं. कार्डाच्या मागे डिस्प्लेपोर्ट (मॉनिटरची वायर लावायची एक खाच) आहे का बघून सांगा. फोटो टाकलात तर बरं.