पहिलीच्या वर्गातले रोजचे फोटो मी बंद केले. मग घरी कळवायचं काय?

शाळेची_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला आहे. पटावर 24 मुलं. जूनपासून गणपतीच्या सुट्टीपर्यंत रोज संध्याकाळी पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आठ-दहा फोटो टाकत होते. सुट्टीनंतर बंद केले. पालकांचे फोन आले, मुख्याध्यापकांनी विचारलं, शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीतही विषय निघाला. तिथे मला नीट मांडता आलं नाही, म्हणून इथे लिहिते. विरोधातलंही ऐकायचं आहे.

झालं असं. मोजायला चिंचोके दिले होते. एक मुलगा महिनाभर एक-दोन-तीन गाण्यासारखं म्हणायचा, पण वस्तूवर बोट ठेवलं की गडबडायचा. त्या दिवशी तो एकेका चिंचोक्यावर बोट ठेवत दहापर्यंत बरोबर आला. मग चिंचोके पसरले, पुन्हा मोजले. मग सगळे मुठीत धरले आणि काहीतरी सांगायला माझ्याकडे वळला. मी तेव्हा मोबाईल आडवा धरून "इकडे बघा रे सगळे" म्हणत होते. त्याने शहाण्यासारखं मोबाईलकडे बघितलं. फोटो निघाला, त्याचं सांगायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर त्याला आठवेना.

पसरले काय, मुठीत घेतले काय, दहा ते दहाच, हे मुलाला ज्या दिवशी उमगतं त्या दिवसाची मी वाट बघत असते. तो दिवस आला आणि मी फोटो काढत होते. संध्याकाळी त्याच फोटोखाली त्याच्या आईचा मेसेज आला, "आमचा शेवटच्या ओळीत का बसलाय?" तिची चूक नाही. फोटोत तेवढंच दिसत होतं.

आता मी रोज पाच मुलांच्या वहीत दोन-दोन ओळी लिहिते. आठवड्यात सगळा वर्ग होतो. "तीनचा आकडा उलटा काढतोय, ओरडू नका, या वयात होतं, पिठात बोटाने काढायला द्या." किंवा "आज डबा दोघींनी वाटून खाल्ला, ती नव्या मुलीशी पहिल्यांदा बोलली." शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर ग्रुपवर माझ्या आवाजात एक मिनिट, या आठवड्यात काय झालं आणि मुलांना घरी काय विचारा. बस.

माझं म्हणणं एवढंच की घराला मुलाबद्दल कळायला हवं, आणि ते त्या एका घरालाच कळायला हवं. ग्रुपवरच्या फोटोंनी यातलं काहीच होत नाही.

कंपनीची_बस

बाई, तुमच्या चिंचोक्यांचं पटलं. पण निर्णय पटला नाही.

मी रांजणगावला कंपनीत आहे, घर मराठवाड्यात. बायको माझ्यासोबत इथेच काम करते. लेक पहिलीत, गावाकडे माझ्या आईजवळ. आम्ही महिना-दीड महिन्यातून एकदा जातो. तुमची वही माझ्या घरी आली तर ती गावात राहणार आणि माझ्या आईला वाचता येत नाही. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी कुणीच वाचणार नाही.

फोटोत काय कळतं म्हणता? मला कळतं. वेणी घातलीय म्हणजे आईचा हात दुखत नाहीये. गेल्या आठवड्यातलाच फ्रॉक आहे म्हणजे कपडे धुवायचे राहिलेत, आईला बरं नसेल. लेक कडेला एकटी बसलीय की मैत्रिणीला खेटून, तेही दिसतं. तुम्हाला तो वर्गाचा फोटो असेल. मला ती माझी लेक आहे, आणि दिवसातून एकदाच दिसते. ते एवढ्यासाठी बंद करू नका.

इंग्रजी_माध्यमातून

मी शहरातल्या खाजगी शाळेत पहिलीला शिकवते, आणि बाईंच्या बाजूने आहे.

आमच्याकडे अॅप आहे. 38 मुलं, आणि आठवड्यात प्रत्येक मूल किमान एकदा दिसलंच पाहिजे असा नियम. मी गुरुवारी रात्री यादी घेऊन बसते, कोण सुटलं ते बघते आणि शुक्रवारी त्या मुलांना हातात काहीतरी देऊन उभं करते. एक मुलगी सतत सुटते, कारण ती वाचनकोपऱ्यात पाठ करून पुस्तकात डोकं घालून बसते. तिला मी उठवते. चांगलं वाचत असलेल्या मुलीला फोटोसाठी उठवते. लिहितानाही वाईट वाटतंय.

कंपनीच्या दादांचं दुःख खरं आहे, पण त्यासाठी 24 मुलांचा रोजचा वर्ग थांबवणं हा उपाय नव्हे.

ओलेता_जून

मला ग्रुपबद्दलच बोलायचंय. शाळेचं नाव सांगणार नाही.

मुलगा पहिलीत नवा, पावसाचे दिवस, शौचालय मैदानापलीकडे. चड्डीत झाली. बाईंनी चांगल्या मनानेच ग्रुपवर लिहिलं, "अमुकच्या पालकांनी जादा चड्डी दप्तरात ठेवावी, आज गैरसोय झाली." नावासकट. खाली पालकांचे अंगठे, हसरे चेहरे. दोन घरांत ते मुलांसमोर वाचलं गेलं. दुसऱ्या दिवशी वर्गात त्याला नवं नाव पडलं होतं. आठ दिवस तो पोट दुखतंय म्हणून घरी राहिला. सहा वर्षांचं पोर. काय झालं हे सांगायलाही त्याच्याकडे शब्द नव्हते, मला दुसऱ्या आईकडून कळलं.

तीच ओळ त्याच्या वहीत असती तर मी शांतपणे एक चड्डी दप्तरात ठेवली असती आणि विषय तिथेच संपला असता.

निवृत्त_केंद्रप्रमुख

या चर्चेत कायद्याचा उल्लेख अजून आला नाही म्हणून लिहितो. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 24. शिक्षकाच्या कर्तव्यांत स्पष्ट म्हटलं आहे की पालकांच्या नियमित सभा घ्यायच्या आणि मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता, झालेली प्रगती व इतर आवश्यक माहिती त्यांना द्यायची. म्हणजे पालकांना कळवणं ही बाईंची मेहरबानी नाही आणि पालकांचा हट्टही नाही. ते कामच आहे. त्याच कायद्यात शाळा व्यवस्थापन समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत असं आहे, तेही याच कारणाने.

पण बाई, तुमच्या वहीवर माझा आक्षेप आहे. तीही एकतर्फीच आहे. फोटो असो की दोन ओळी, बोलणार तुम्ही आणि ऐकणार घर. मी 31 वर्षांच्या नोकरीत शिकलो ते असं की पहिलीच्या पोराबद्दल निम्मी माहिती घराकडे असते. एका तांड्यावरच्या शाळेत मी असताना एक मुलगी तीन महिने गप्प होती. नोंदवहीत मी "प्रतिसाद देत नाही" असं लिहीत होतो. एक दिवस तिच्या आजीला वर्गात बोलावून बसवलं. मुलगी आजीशी गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, जे बोलत सुटली, ते मी बघत राहिलो. तिला सगळं येत होतं. मला तिची भाषा येत नव्हती. 2010 पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात आपण वर्णनात्मक नोंदी लिहितो, त्या रजिस्टरात माझी ती चुकीची नोंद आजही कुठेतरी असेल.

दुसरी गोष्ट. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "तेवीस"च्या जोडीला "वीस तीन" असं वाचन आलं आणि राज्यभर गदारोळ झाला. पुस्तकात दोन्ही पद्धती होत्या. जोडाक्षरांची संख्यानावं लहान मुलांना जड जातात, ती सोपी व्हावीत एवढाच हेतू होता. माझ्या केंद्रातल्या ज्या शाळांनी पालकांना वर्गात बसवून काड्यांचे दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या दाखवल्या, तिथे एकही तक्रार आली नाही. तसं कुठलाही फोटो समजावून देऊ शकला नसता, आणि वहीतल्या दोन ओळीही नाही. म्हणून माझं मत असं की महिन्यातून एकदा पालकांना वर्गात बसवा.

कंपनीची_बस

सर, महिन्यातून एकदा वर्गात बसायचं म्हणजे माझा दिवसाचा पगार आणि दोन दिवसांचा प्रवास. जे गावात आहेत त्यांच्यासाठी ठीक. आम्ही परत बाहेरच.

आजी_नाशिककडची

मला तुम्हा सगळ्यांचंच थोडं जास्त वाटतं. माझी तिन्ही मुलं शाळेत गेली, मला कुणी काही कळवत नव्हतं. मी भाकरी थापताना ती चुलीपाशी बसून सांगायची. कोण पडलं, कुणाला छडी बसली, नवी कविता कुठली. सांगता सांगता त्यांचं बोलणं सुधारलं. आता नातू घरी येतो तोवर सुनेने सगळे फोटो बघितलेले असतात. तो सांगायला लागला की ती म्हणते, "हो, बघितलं मी, पतंग केलात ना?" पोरगं गप्प बसतं. त्याच्याकडे सांगण्यासारखं काही उरत नाही.

मुलाला घरी येऊन स्वतः सांगायला काहीतरी राहू द्या.

दोन_यंत्रांची_आई

आजी, तुमचा नातू सांगू शकतो. माझी लेक नाही सांगू शकत.

तिला दोन्ही कानांना यंत्रं आहेत, बोलणं उशिरा सुरू झालं, साध्या शाळेत पहिलीत आहे. "आज काय केलं?" विचारलं तर ती "शाळा" म्हणते. एवढंच. तिच्या बाई वहीत रोज एक शब्द आणि एक चित्र पाठवतात. परवा "बेडूक" होतं आणि बाईंनी कोपऱ्यात बेडकाचं छोटं चित्र काढलं होतं. त्या पानावर बोट ठेवून मी विचारलं, बेडूक कुठे होता? ती उठली, नळाकडे धावली, उड्या मारून दाखवल्या, मग "बाई घाबल्ली" म्हणाली. दोन शब्द जोडून. आम्ही दोघं नवरा-बायको त्या रात्री कितीतरी वेळ तेच बोलत होतो.

आधी कळलं म्हणून मुलाचं सांगणं मरतं असं नाही. पूर्ण कळवलं तर मरतं, धागा दिला तर जागं होतं. बाईंच्या शनिवारच्या निरोपात "मुलांना हे विचारा" आहे, ते मला सगळ्यात मोलाचं वाटलं.

बीडचा_गुरुजी

आमच्या शाळेत दिवाळीच्या आसपास निम्मा वर्ग आई-बापाविना होतो. कोयते उचलून माणसं ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे जातात ती उन्हाळ्यापर्यंत. पोरं आजी-आजोबांकडे, नाहीतर हंगामी वसतिगृहात. तेव्हा कंपनीच्या दादांचं मला आतून कळतं.

मी फोटो पाठवत नाही, आवाज पाठवतो. मुलाने एक परिच्छेद, एक गाणं, किंवा शंभरपर्यंत आकडे, जे त्याला त्या आठवड्यात नवं जमलं ते त्याच्याकडून म्हणवून घ्यायचं. एक मिनिटही लागत नाही. ते ग्रुपवर नाही, बापाच्या नंबरवर जातं. उसाच्या फडावरून कोपीत, म्हणजे झोपडीत, परतायला रात्र होते, तेव्हा ऐकतात. उलट आवाज येतो तो मी सकाळी परिपाठाआधी त्या पोराच्या कानाला लावतो. एका बापाचा निरोप होता, "तू वाचलेलं तुझ्या मायला दोनदा ऐकवलं. पुढचं पान वाच." ते पोरगं त्या दिवशी पुढचं पान उघडून माझ्या टेबलापाशी उभं होतं, मी बोलावलं नव्हतं.

सर म्हणतात तसं दोन्हीकडून बोलणं यात होतं. वाचता न येणाऱ्यालाही चालतं. आणि वर्ग थांबत नाही, मधल्या सुट्टीत एकेकाला घेतो.

शाळेची_बाई

सगळं दोनदा वाचलं.

दादा, तुमच्या पहिल्या प्रतिसादाने मला झोप लागली नाही. मी "घराला कळायला हवं" म्हटलं तेव्हा माझ्या डोळ्यासमोर शाळेच्या फाटकापाशी उभी राहणारी आई होती. माझ्या 24 मुलांत पाच जणांचे आई-बाप गावात नाहीत, हे मला माहीत असून मी वही सुरू करताना त्यांचा विचार केला नाही. ती चूक माझी. गुरुजींचं आवाजाचं मी सोमवारपासून त्या पाच घरांसाठी सुरू करते.

सर, आजीला वर्गात बसवलंत ते मी करणार आहे. सभा म्हणून नाही, कारण सभेत आयांना मागे बसायची सवय आहे. 2022 पासून शाळापूर्व तयारी मेळाव्यात आपण माता गट केले, ते बहुतेक ठिकाणी पहिलीचा प्रवेश झाला की विसरले जातात. माझ्या गावातला गट अजून आहे. त्यातल्या दोघी-दोघींना आळीपाळीने अर्धा तास वर्गात बोलावेन.

ग्रुपवरचे रोजचे फोटो मात्र परत सुरू करणार नाही. चड्डीची गोष्ट वाचल्यावर तर नाहीच.

कंपनीची_बस

बाई, गुरुजींचं वाचून मी लेकीच्या बाईंना फोन केला. बिचकतच केला. त्यांनी काल लेकीचा आवाज पाठवला. कंपनीच्या बसमध्ये कानाला लावून ऐकला. पन्नासपर्यंत आकडे म्हटले तिने. एकोणतीसला अडली, मागून कुणीतरी हळूच सांगितलं, तर "मला येतंय" म्हणाली. आणि "सात", "सतरा" म्हणताना हवा सुटत होती. पुढचा दात पडलाय हे मला त्या आवाजावरून कळलं. आई फोनवर बोलली नव्हती.

आवाज चांगला आहे, तो हवाच. पण दात पडलेलं तोंड मला बघायचंय. मी बाईंकडे एक फोटो मागितलाय. तुमच्या वर्गात माझी लेक असती तर तुमच्याकडेही मागितला असता.

शाळेची_बाई

आणि मी काढून पाठवला असता. मधल्या सुट्टीत, तिला विचारून, फक्त तुम्हाला.