हॅरी पॉटरची पारायणं: काय शोधता, कसं वाचता, काय बनवता? (अनुभव धागा)

हॅरी पॉटरची सात पुस्तकं संपवून थांबणारे वाचक कमी. बरेच जण सातवं मिटतात आणि पहिलं उघडतात. हा धागा अशा पारायण करणाऱ्यांसाठी आहे. नुसतं 'फार आवडतं' एवढ्यावर थांबू नका. कोणत्या प्रकरणात काय दडलंय, मुलांना वाचून दाखवताना गाडं कुठे अडतं, छडी बनवताना काय फसतं, हे नेमकं लिहा. पुस्तक आणि प्रकरण यांचा क्रमांक दिलात तर बाकीच्यांना लगेच उघडून बघता येईल. सगळी रहस्यं फुटणार आहेत, त्यामुळे सातवं वाचायचं राहिलं असेल तर इथूनच मागे फिरा.

* * *

मोठ्याने वाचून दाखवण्याबद्दल लिहिते, कारण हॅरी पॉटरची खरी गोडी तिथे कळते.

पहिलं पुस्तक साधारण ७७ हजार शब्दांचं आहे आणि त्यात १७ प्रकरणं आहेत. मिनिटाला दीडशे शब्द हा वेग ऐकणाऱ्याला सुखाचा असतो. त्या वेगाने एक प्रकरण अर्ध्या तासात होतं, म्हणजे रोज रात्री एक प्रकरण हा नेम सहज पाळता येतो. दुसऱ्या (१८ प्रकरणं) आणि तिसऱ्या (२२ प्रकरणं) पुस्तकातही तो टिकतो. चौथ्यापासून मात्र गणित बिघडतं. पाचवं तर सगळ्यांत जाडजूड, सुमारे २ लाख ५७ हजार शब्द आणि ३८ प्रकरणं. म्हणजे एकेका प्रकरणाला सरासरी पाऊण तास. मूल मध्येच झोपतं आणि दुसऱ्या रात्री 'कुठे होतो आपण' यात दहा मिनिटं जातात. यावर उपाय एकच: प्रकरण आधी स्वतः चाळायचं आणि जिथे प्रसंग किंवा जागा बदलते तिथे पेन्सिलने बारीक खूण करून ठेवायची. संवादाच्या मध्ये कधीही थांबू नये.

आवाजांचं आधी ठरवा. हॅग्रिड सातही पुस्तकांत आहे, त्यामुळे त्याला घसा खरवडणारा आवाज दिलात तर तो तुम्हालाच निभावावा लागेल. डॉबीचा चिरका आवाज आणखी कठीण, कारण दुसऱ्या पुस्तकातलं दुसरं प्रकरण जवळजवळ सगळं त्याच्याच बोलण्याचं आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: दुसऱ्या पुस्तकात सातव्या प्रकरणापासून भिंतीतून जो आवाज येतो, तो फुत्कारत वाचू नका. हॅरीला तो साध्या शब्दांतच ऐकू येतो, रहस्य सगळं त्यातच आहे. 'स्स्स' केलंत की हुशार मूल तिथेच साप ओळखणार आणि पुढच्या नऊ-दहा प्रकरणांची मजा जाणार. थंड, सपाट, हळू आवाज पुरतो.

भीतीचं म्हणाल तर तिसऱ्यातलं पाचवं प्रकरण (आगगाडीतला डिमेंटर, म्हणजे माणसाचा आनंद शोषून घेणारा प्राणी) अर्धवट सोडू नये. लुपिन चॉकलेट देतो तिथपर्यंत गेलं की मूलही सावरतं. चौथ्यातली ३१ ते ३६ ही प्रकरणं झोपताना नकोतच. सुट्टीच्या दिवशी, दिवसाउजेडी, दोन बैठकांत वाचावीत. ३२व्याच्या शेवटी थांबणं सगळ्यांत वाईट. सेड्रिक गेलेला असतो, हॅरी बांधलेला असतो आणि धीर द्यायला पानावर कोणीच नसतं.

* * *

दुसऱ्या पारायणाची माझी पद्धत: एका वेळी एकच वस्तू धरायची आणि ती सातही पुस्तकांतून शोधत जायची. सगळं एकदम शोधायला गेलं की काहीच हाती लागत नाही.

नवख्यांनी गायब होणाऱ्या कपाटापासून सुरुवात करावी. दुसऱ्या पुस्तकाच्या चौथ्या प्रकरणात हॅरी बोर्जिन अँड बर्क्सच्या दुकानात एका मोठ्या काळ्या कपाटात लपतो आणि दार पूर्ण लावत नाही. त्याच पुस्तकाच्या आठव्या प्रकरणात नियरली हेडलेस निक पीव्ह्जला चिथावून फिल्चच्या खोलीवर एक कपाट पाडायला लावतो. पाचव्यात जुळे वीझली भाऊ मॉन्टेग्यूला त्याच मोडक्या कपाटात कोंबतात. सहाव्यात कळतं की दुकानातलं आणि शाळेतलं कपाट ही जोडी आहे, एकात शिरून दुसऱ्यातून बाहेर पडता येतं, आणि त्यातूनच डेथ ईटर्स (व्होल्डेमॉर्टचे साथीदार) शाळेत शिरतात. तीन पुस्तकांत विखुरलेली एक वस्तू, आणि दर वेळी ती दुसऱ्याच कुठल्यातरी गमतीच्या आड लपवलेली!

मग लॉकेट घ्या. पाचव्याचं सहावं प्रकरण, ग्रिमॉल्ड प्लेसची साफसफाई. कोणालाच न उघडलेल्या एका जड लॉकेटचा उल्लेख यादीत एका ओळीत येऊन जातो. त्या वाक्याच्या मागेपुढे इतर वस्तू इतक्या चमत्कारिक आहेत की डोळा तिथे ठरतच नाही. मुकुटाचंही तसंच. सहाव्याच्या २४व्या प्रकरणात हॅरी पोशनचं पुस्तक लपवतो आणि जागेची खूण म्हणून एका पुतळ्याच्या डोक्यावर विग आणि जुना मळका टियारा ठेवतो. हॉर्क्रक्स (व्होल्डेमॉर्टच्या आत्म्याचा तुकडा दडवलेली वस्तू) त्याच्या हातात असतो आणि त्याला पत्ता नसतो.

बेझोअरचा, म्हणजे विषावरच्या उताऱ्याच्या खड्याचा, धागा सगळ्यांत सरळ आहे. पहिल्याच्या आठव्या प्रकरणात स्नेप पहिल्याच तासाला त्याबद्दल विचारतो, सहाव्याच्या १८व्यात त्यानेच रॉनचा जीव वाचतो. डंबलडोरचा भाऊ ॲबरफोर्थ याचा त्यामानाने अवघड. चौथ्याच्या २४व्यात डंबलडोर भावाच्या बकरीच्या भानगडीबद्दल सांगतो आणि पाचव्याच्या १६व्यात हॉग्ज हेडमध्ये बकऱ्यांसारखा वास येत असतो, दाढीवाला म्हातारा मालक हॅरीला ओळखीचा वाटतो. नाव काही दिलेलं नाही. आणि सिरियस ब्लॅक? तो पहिल्याच पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणात आहे. हॅग्रिडने उडती मोटरसायकल त्याच्याकडूनच आणलेली असते.

* * *

यात तिसऱ्या पुस्तकाची भर. १६वं आणि २१वं प्रकरण शेजारी शेजारी ठेवून वाचा, दोन बोटं दोन ठिकाणी अडकवून. १६व्यात तिघं अदृश्य होण्याच्या झग्याखाली दबा धरून असताना शेवटची दोन माणसं घाईने जाताना आणि दार आपटताना ऐकू येतं. २१व्यात कळतं की ती दोन माणसं म्हणजे तीन तास मागे आलेले हॅरी आणि हर्मायनीच. कुऱ्हाडीचा आवाजही तसाच दोनदा येतो, एकदा बाहेरून आणि एकदा खरं कारण दिसतं तिथून. या दोन प्रकरणांत काळाचा एकही टाका सुटलेला नाही. इतकी घट्ट वीण मालिकेत दुसरीकडे कुठेच नाही, असं माझं ठाम मत आहे.

रॉनचा उंदीर स्कॅबर्स याच्यावरही नजर ठेवा. पहिल्या प्रकरणातल्या इजिप्तच्या फोटोत तो रॉनच्या खांद्यावर आहे. धोकेबाज जवळ असला की वाजणारा स्निकोस्कोप वाजतो तेव्हा रॉन त्याला स्वस्तातला माल म्हणतो, आणि ते यंत्र अगदी बरोबर काम करत असतं.

* * *

कालगणना मांडायची असेल तर दोन खुंट्या पक्क्या आहेत. एक, दुसऱ्या पुस्तकातला निकच्या मरणदिनाचा केक. त्यावर ३१ ऑक्टोबर १४९२ ही तारीख आहे आणि ती ५००वी पुण्यतिथी आहे, म्हणजे ते वर्ष १९९२. दुसरी, सातव्यात पॉटर दांपत्याच्या थडग्यावरची ३१ ऑक्टोबर १९८१ ही तारीख. दोन्ही जुळतात. हॅरीचा जन्म ३१ जुलै १९८० आणि शाळेची सुरुवात १ सप्टेंबर १९९१.

वारांवर मात्र विसंबू नका. पहिल्या पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणातला दिवस मंगळवार म्हटलाय, पण १ नोव्हेंबर १९८१ला रविवार होता. हॅरीचा अकरावा वाढदिवसही मंगळवारी दाखवलाय, प्रत्यक्षात ३१ जुलै १९९१ बुधवारी आला. चौथ्यात, म्हणजे १९९४च्या उन्हाळ्यात, डडलीने प्लेस्टेशन खिडकीतून फेकलेलं असतं. ते यंत्र आधी जपानमध्ये आलं तेच मुळी डिसेंबर १९९४मध्ये. म्हणून तक्ता करताना तारखा घ्या, वार सोडून द्या. वार धरून मागे मोजत गेलं की दोन पुस्तकांतच सगळं विस्कटतं.

चाहते नेहमी विचारतात तो 'गायब २४ तासां'चा प्रश्न खरा आहे. आईवडील ३१च्या रात्री जातात, हॅग्रिड बाळाला घेऊन प्रिव्हेट ड्राइव्हवर पोचतो १ नोव्हेंबरच्या रात्री. मधला दिवस कुठे गेला याचं उत्तर सात पुस्तकांत मिळत नाही.

* * *

क्विडिचबद्दल, म्हणजे उडत्या झाडूंवरच्या खेळाबद्दल. 'स्निच (पकडला की सामना संपतो तो छोटा सोनेरी चेंडू) दीडशे गुणांचा, मग बाकीचे खेळतात कशाला' ही तक्रार नेहमी येते. गोलाला १० गुण आहेत, म्हणजे एक स्निच म्हणजे १५ गोल. पण करंडक एकूण गुणांवर ठरतो, हे लक्षात घेऊन तिसऱ्यातला अंतिम सामना वाचा. स्लिदरिन करंडकाच्या गुणांत बरोबर २००ने पुढे असतो, म्हणून ग्रिफिंडोर ५०हून जास्त गुणांनी पुढे गेल्याशिवाय हॅरीने स्निच पकडायचाच नाही असं ठरतं. निकाल २३०–२०, फरक २१०. चौथ्यातला विश्वचषक याच्या उलट. क्रम स्निच पकडतो आणि तरी आयर्लंड १७०–१६० असं जिंकतं.

मैदानावरचा खेळ २००५ साली अमेरिकेत व्हरमाँटमधल्या मिडलबरी कॉलेजात सुरू झाला आणि २०२२मध्ये त्याचं नाव क्वाडबॉल झालं. मुलांसाठी मांडायचा असेल तर सामान साधं आहे. क्वॅफल (गोल करायचा चेंडू) म्हणून हवा थोडी कमी केलेला व्हॉलीबॉल, कारण पूर्ण फुगवलेला एका हातात मावत नाही आणि दुसरा हात पायांतल्या काठीवर हवा. ब्लजर (प्रतिस्पर्ध्याला मारायचे चेंडू) म्हणून तीन मऊ डॉजबॉल. दोन्ही बाजूंचे मिळून बीटर, म्हणजे ब्लजर फेकणारे खेळाडू, चार आणि चेंडू तीन, या एका कमी चेंडूतच डावपेच आहेत. चौथा चेंडू टाकला की नुसती फेकाफेक होते. ब्लजर लागलेल्याने हातातला चेंडू सोडायचा, काठीवरून उतरायचं आणि आपल्या रिंगणांना हात लावून परत यायचं. स्निच म्हणजे कमरेला मोज्यात टेनिसबॉल लटकवलेला तटस्थ धावपटू. तो पकडला तर दीडशे गुण देऊ नका. त्या खेळातही आधी ३० आणि नंतर ३५ गुण ठेवले गेले.

* * *

छडीची कृती देतो. हॅरीची छडी ११ इंची, म्हणजे २८ सेंटीमीटर. ए-फोर कागदाचा कर्ण ३६ सेंटीमीटरच्या थोडा वर असतो, त्यामुळे एकच आकाराचा कागद पुरतो.

दोन कागद एकावर एक ठेवा. एका कोपऱ्यापासून किंचित तिरकं गुंडाळायला लागा, म्हणजे एक टोक निमुळतं आणि दुसरं जाड होतं. अगदी सरळ गुंडाळलं तर नळी होते, छडी होत नाही. पहिली दोन वेटोळी जितकी घट्ट तितकी छडी ताठ. कर्णावर दुतर्फी चिकटपट्टी लावली की गुंडाळी सुटत नाही. टोकं कापून २८ सेंटीमीटरवर आणा आणि दोन्हीकडची पोकळी ग्लू गनने भरा. भरली नाही तर टोक आठवड्यात चेपतं.

जाड बाजूचे ८ ते १० सेंटीमीटर मुठीसाठी सोडा. त्यावर गरम गोंदाची वेटोळी, गाठी, जे हवं ते काढा, छडी फिरवत राहा, नाहीतर गोंद एका बाजूला ओघळतो. ग्लू गन मोठ्यांनीच धरावी. गोंद पूर्ण थंड झाला की सगळ्या छडीवर पांढऱ्या फेव्हिकॉलसारख्या गोंदाचा एक हात द्या आणि वाळू द्या. ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग ॲक्रिलिक रंग त्या गुळगुळीत गोंदावरून सोलून निघतो. आधी गडद तपकिरी रंगाचे दोन हात. तो वाळल्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त उंचवट्यांवर फिकट तपकिरी किंवा ताम्रवर्णी रंग घासायचा. ब्रशवर रंग जास्त राहिला तर तो खाचांत उतरतो आणि लाकडाचा भास जातो. शेवटी मॅट व्हार्निश. चकचकीत लावलं तर छडी प्लास्टिकची दिसते.

ड्रेकोची १० इंची, व्होल्डेमॉर्टची साडेतेरा, म्हणजे सुमारे ३४ सेंटीमीटर. तीही याच कागदात बसते. रॉनची दुसरी छडी १४ इंची, तिला कर्ण जेमतेम पुरतो आणि तिरकं गुंडाळताना कमी पडतो. तिथे ए-थ्री घ्या.

* * *

प्रश्नमंजूषा घेणाऱ्यांनी 'फक्त पुस्तकं' की 'सिनेमेही' हे पहिल्या मिनिटाला जाहीर करावं. निम्मी भांडणं इथेच होतात. हर्मायनीचा यूल बॉलचा (नृत्यसमारंभाचा) पोशाख पुस्तकात फिकट निळा, पडद्यावर गुलाबी. गिलीवीड (पाण्याखाली श्वास घेऊ देणारी वनस्पती) पुस्तकात डॉबी देतो, पडद्यावर नेव्हिल. पीव्ह्ज तर सिनेमांत नाहीच. सातव्याच्या शेवटी हॅरी एल्डर वाँडने आधी आपली मोडलेली छडी सांधतो. सिनेमात तो एल्डर वाँडच मोडून फेकतो.

आवृत्तीचंही बघा. चौथ्याच्या ३४व्या प्रकरणात छडीतून मृतांच्या सावल्या उलट्या क्रमाने बाहेर येतात, म्हणजे लिली आधी आणि जेम्स नंतर यायला हवा. सुरुवातीच्या छपाईत हा क्रम चुकला होता, पुढे दुरुस्त झाला. या प्रसंगावर प्रश्न काढायचा तर आपल्या प्रतीत काय छापलंय ते आधी पाहून घ्या. पैशांचे प्रश्न सगळ्यांत निर्धोक. २९ नट म्हणजे एक सिकल, १७ सिकल म्हणजे एक गॅलियन, म्हणून गॅलियनचे ४९३ नट. सात गॅलियनच्या छडीचे नट किती, हे तोंडी सांगणाऱ्याला जादा गुण द्यायला हरकत नाही.

* * *

आवृत्तीचा विषय निघालाच आहे तर, जुनी प्रत हाती लागली की लोक आधी मुखपृष्ठ बघतात. त्याने काही ठरत नाही, तेच चित्र पुढच्या कितीतरी छपायांवर आहे. पहिलं पुस्तक ('फिलॉसॉफर्स स्टोन') लंडनच्या ब्लूम्सबरीने २६ जून १९९७ रोजी काढलं. पुठ्ठाबांधणीच्या पहिल्या छपाईच्या प्रती फक्त ५००, त्यातल्या बऱ्याच ग्रंथालयांत गेल्या. ओळखायची ती आतून. हक्कांच्या पानावर १० ते १ असे उतरते आकडे हवेत, १ गायब असेल तर ती पहिली छपाई नाही. त्याच पानावर लेखिकेचं नाव 'जोॲन रोलिंग' असं पूर्ण छापलेलं असतं. पान ५३वर शाळेच्या सामानाच्या यादीत 'एक छडी' ही ओळ दोनदा आली आहे, आणि मागच्या कव्हरवर 'फिलॉसॉफर्स' या शब्दात एक अक्षर सुटलंय. चारही खुणा एकत्र हव्यात. एखादीच जुळली तर थांबा, आकड्यांची ओळ पुन्हा वाचा.