पॉलिमर क्लेच्या ग्रिफिनला पडलेली भेग, चिकट राहिलेला रंग आणि पंचवीस प्रतींचा बेत

मृण्मयी (प्रश्न)

नमस्कार. गेली दोन वर्षे मी काल्पनिक प्राण्यांची छोटी शिल्पे करते आहे. सध्या हाती असलेला ग्रिफिन, म्हणजे गरुडाचे डोके व पंख आणि सिंहाचे धड असलेला प्राणी, साधारण १८ सेंटीमीटर उंचीचा आहे. तो पॉलिमर क्लेमध्ये, म्हणजे ओव्हनमध्ये भाजून घट्ट होणाऱ्या मातीत, घडवला असून पायांत आणि पंखांत तारेचा सांगाडा आहे. धड मात्र भरीव आहे आणि सर्वांत जाड जागी ते चार सेंटीमीटरांच्या आसपास भरते. ओव्हनवर १३० अंश सेल्सिअस लावून मी तो अर्धा तास भाजला आणि लगेच बाहेर काढून ठेवला. संध्याकाळपर्यंत डाव्या पंखाच्या मुळापासून छातीपर्यंत केसाएवढी भेग उमटली होती. रंगाचा अंदाज घ्यावा म्हणून शेपटीवर आणि मागच्या पायांवर डब्यातला स्प्रे प्रायमर (रंगाखालचे अस्तर) मारला, तर आज नववा दिवस उजाडला तरी बोट टेकवले की ठसा उमटतो.

या शिल्पाच्या पंचवीस क्रमांकित प्रती मला साच्यात रेझिन, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणारे द्रव प्लास्टिक, ओतून करायच्या आहेत. हेच शिल्प सावरता येईल, की ते बाजूला ठेवून नव्याने घडवावे? आणि पंख धडासोबत एकाच साच्यात घेणे जमेल का? पिसांचे काम करायला मला तीन आठवडे लागले आहेत, त्यामुळे ‘नव्याने घडवा’ हे उत्तर ऐकायची मनाची तयारी फारशी नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते.

सांगाडेवाला

नव्याने घडवण्याची गरज नाही. भेग पडली ती मातीच्या दोषामुळे नव्हे, जाडीमुळे. पॉलिमर क्लेला साधारण दर सहा मिलिमीटर जाडीमागे पंधरा मिनिटे भाजणी लागते. त्या हिशेबाने चार सेंटीमीटरच्या धडाला दीड तासाहून अधिक वेळ हवा होता. तुमच्याकडे बाहेरचे कवच घट्ट झाले, गाभा अर्धाकच्चा राहिला, आणि गरम शिल्प एकदम थंड हवेत आल्यावर पातळ पंख आधी आकसला, जाड छाती मागे राहिली. दोन्ही एकमेकांना जिथे ओढतात तिथेच, म्हणजे पंखाच्या मुळाशी, माती फाटली.

पुढच्या वेळी धडाचा गाभा अॅल्युमिनियम फॉइल घट्ट चुरगाळून बनवा आणि त्यावर मातीचा सहा ते दहा मिलिमीटरांचा थर द्या. फॉइल चुरगाळल्यावर टेबलावर लाटल्यासारखे दाबून घ्यावे, कारण पोकळ राहिलेल्या जागेतली हवा तापली की वरचा थर फुगतो.

सध्याच्या शिल्पासाठी एक दिलासा असा की पॉलिमर क्ले पुन्हापुन्हा भाजता येते. भेग कोरणीने किंचित रुंद करा, तीत ताजी माती दाबून भरा, पिसांची रेघ जुळवून घ्या आणि पुन्हा भाजा. मात्र आधी चिकट प्रायमर काढून टाका. गरम असताना ही माती मऊ असते, म्हणून पंखांखाली कागदाच्या घड्यांचा किंवा कापसाचा आधार द्यावा, आणि ओव्हन बंद केल्यावर दार न उघडता शिल्प आतच निवू द्यावे. ओव्हनच्या खटक्यावरील आकड्यावर विश्वास ठेवू नका. आत ठेवायचा वेगळा तापमापक घ्या. माझ्या ओव्हनमध्ये खटका १३० दाखवतो तेव्हा मागच्या कोपऱ्यात १५० असते, आणि हे कळण्यापूर्वी दोन ड्रॅगनांच्या शेपट्या करपल्या होत्या. करपणे नुसते दिसायलाच वाईट नसते. ही माती पीव्हीसीची असल्यामुळे फार तापली तर हायड्रोजन क्लोराइडचा झोंबणारा वायू सोडते, तेव्हा खिडकी उघडी असावी.

ओतकामी

वरील मत मान्य आहे, पण भेग बुजवण्याआधी थोडे थांबा. तुम्हाला प्रती ओतायच्या आहेत, तर तो पंख त्या भेगेच्या रेषेवरच बारीक करवतीने कापून वेगळा करा, आणि उजवाही तसाच. पसरलेले पंख आणि धड एकाच साच्यात घेतले तर पिसांच्या खालच्या बाजूला हवा अडकते, आणि प्रत बाहेर काढताना साच्याचे रबरासारखे सिलिकॉन तिथेच फाटते. वेगळ्या पंखाला दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या तारेची खुंटी आणि धडाला तेवढेच भोक ठेवले की सांधा खांद्याच्या पिसांखाली झाकला जातो. छातीवर उतरलेला भेगेचा भाग तेवढा मातीने भरून घ्या.

चिकट रंगाचे कारण असे, की स्प्रेतील द्रावक मातीतल्या मऊपणा आणणाऱ्या घटकाशी मिसळतो आणि थर वाळतच नाही. तो महिनाभरानेही वाळेल याची खात्री नाही. तो थर पूर्ण काढा. मूळ शिल्प रंगवायचेच कशाला? रंग प्रतींना लागणार आहे, आणि घट्ट झालेल्या रेझिनवर तोच प्रायमर व्यवस्थित बसतो.

सिलिकॉन निवडताना मात्र सावध राहा. प्लॅटिनम प्रकारचे (प्लॅटिनमच्या उत्प्रेरकाने घट्ट होणारे) सिलिकॉन गंधक असलेली माती, लॅटेक्स किंवा कथील प्रकारच्या सिलिकॉनच्या संपर्कात आले तर घट्टच होत नाही, आणि न वाळलेल्या रंगाच्या अवशेषांवरही तीच भीती असते. म्हणून शिल्पाच्या तळाला थोडे सिलिकॉन लावून आधी चाचणी घ्या. ते चिकट राहिले तर कथील प्रकारचे वापरा. त्याचा साचा किंचित आकसतो आणि काही वर्षांत ठिसूळ होतो, पण पंचवीस प्रतींपुरता तो सहसा पुरतो. दुभागी साच्यात पहिल्या अर्ध्यावर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात फिरवल्याशिवाय दुसरा अर्धा ओतू नका. सिलिकॉन इतर कशाला फारसे चिकटत नाही, स्वतःला मात्र असे चिकटते की सुरीनेच वेगळे करावे लागते. हे मला कसे कळले ते विचारू नये.

पॉलियुरेथेन रेझिनची बाटली एकदा उघडली की हवेतला दमटपणा शोषते आणि पुढच्या ओतकामात फेस येतो, म्हणून ती लवकर संपवावी. रेझिनमधले बुडबुडे दाबून नाहीसे करणारे दाबाचे भांडे नसेल तर आधी चोच, नखे आणि पिसांची टोके यांत कुंचल्याने रेझिन लावून मगच बारीक धारेने साचा भरावा. हातमोजे आणि वाफांसाठीचा मास्क यांत तडजोड नको. त्यातील आयसोसायनेट फुप्फुसांना घातक असतात.

तिसरा कुंचला

रंगाबद्दल थोडे. प्रत साच्यातून निघाल्यावर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने धुवा, नाहीतर पृष्ठभागावरच्या तेलकट अंशामुळे प्रायमर पापुद्र्यासारखा सुटतो. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उमटलेली शिवणीची रेघ पाते उभे धरून खरवडावी आणि मग ४०० व ६०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फिरवावा, म्हणजे धूळही उडत नाही.

पंचवीस प्रती एकसारख्या दिसाव्यात यासाठी पहिली प्रत शेवटपर्यंत रंगवून नमुना म्हणून समोर ठेवा, प्रत्येक छटा एकदाच मोठ्या प्रमाणात कालवून हवाबंद डबीत भरा, आणि पुढे सर्व प्रतींचे एकेक रंगकाम उरकत जा. धडाच्या लोमांवर आधी गडद तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, सोडा. तो खाचांत स्वतःहून उतरतो, पण नुसत्या पाण्याने पातळ केला तर वाळताना कडेला डाग राहतात, म्हणून त्यात ॲक्रिलिक मीडियम (रंगद्रव्य नसलेले ॲक्रिलिक द्रावण) मिसळा. मग जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग उंचवट्यांवरून फिरवला की लोम उठून दिसतात.

डोळे मी सर्वांत आधी रंगवतो. बहुतेकजण ते शेवटी करतात, पण डोळा बिघडला तर आजूबाजूचे दोन दिवसांचे काम खराब न होता तो पुसता यावा, असे मला वाटते. सबंध प्रतीवर मॅट वार्निश दिल्यानंतरच बुबुळावर आणि चोचीवर चकचकीत वार्निशचा थेंब ठेवा. क्रम उलटा झाला तर डोळा मेल्यासारखा दिसतो. दमट हवेत मॅट स्प्रे मारू नका, पांढरी धुरकट साय धरते.

ओतकामी

डोळ्यांबाबत मी असहमत आहे. आधी रंगवलेल्या डोळ्यावरून वॉश हमखास ओघळतो आणि तो पुन्हा करावाच लागतो.

मृण्मयी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. प्रायमर काढला आहे; पावलांवरचे थोडे बारीक काम त्यासोबत गेले, ते पुन्हा कोरावे लागेल. दोन्ही पंख कापले. डावा भेगेवरून सहज सुटला, उजव्याला मात्र आतल्या तारेमुळे अर्धा तास लागला. कापलेल्या जागी गाभा अजून नखाने दाबला जातो, म्हणजे भाजणीचा अंदाज बरोबरच निघाला. आता तापमापक आणल्यावर धड पुन्हा भाजते, आणि तळाला प्लॅटिनम सिलिकॉन लावून पाहते.