मदत हवी आहे: पुतण्याची उंची थांबली आहे, कोणती पावडर द्यावी?

धुऱ्यावरचा निंब: माझा पुतण्या यंदा नववीत आहे. त्याच्या बरोबरीच्या मुलांचे आवाज फुटले, ओठांवर मिसरूड आली. आमचा मात्र प्रार्थनेच्या रांगेत अजूनही पहिलाच उभा राहतो. त्याला पोलीस भरतीत जायचे आहे आणि तिथे 165 सेंटिमीटर उंची लागते. तालुक्याच्या बाजारातून आणलेली उंची वाढवण्याची पावडर दोन महिने दिली, फरक काहीच नाही. दुसरी कोणती द्यावी, एवढेच सांगावे. सोयाबीनची सवंगणी तोंडावर असल्याने दवाखान्याच्या चकरा मारायला वेळ नाही.

पऱ्हाटी: वय आणि उंची न लिहिता उत्तर कसे द्यावे? नववीत तेरा वर्षांचाही मुलगा असतो आणि पंधरा वर्षांचाही.

रानवाट: पावडरीच्या नादी लागू नका. मी दहावीत असताना रोज सकाळी निंबाच्या फांदीला लोंबकळत असे आणि एका वर्षात चार बोटे वाढलो.

पऱ्हाटी: भाऊ, तुम्ही लोंबकळला नसता तरी वाढलाच असता. मुलांमध्ये वाढीचा झपाटा मुलींपेक्षा सुमारे दोन वर्षे उशिरा येतो आणि ऐन भरात वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर उंची वाढते. त्याचे श्रेय तुम्ही फांदीला देत आहात.

रानवाट: अनुभव माझा आहे, तुमचा नाही.

तुळशीवृंदावन: पाळी सुरू झाली की मुलीची उंची थांबते, असे आमच्याकडे सगळ्या बाया सांगतात, पण ते खरे नाही. त्यानंतरही साधारण पाच ते सात सेंटिमीटर वाढ होते, म्हणून मुलीच्या आहारात हात आखडता घेऊ नये.

धुऱ्यावरचा निंब: ताई, प्रश्न मुलाचा आहे. वय 14 वर्षे 8 महिने, उंची 141. आता तरी नाव सांगा.

उपकेंद्रातील ताई: काका, मी समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. चौदा वर्षे पूर्ण होऊनही मुलात वयात येण्याची एकही खूण नसेल, तर तपासणी करावी लागते. पहिली खूण म्हणजे वृषणांची वाढ. आवाज त्यानंतर बऱ्याच काळाने फुटतो, त्यामुळे केवळ आवाजावरून अंदाज बांधू नये. डाव्या हाताच्या व मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचे वय काढले की वाढीला किती वाव उरला आहे, तेही कळते. घरात कोणी असेच उशिरा वाढले होते का? त्याला थकवा येतो का, हातपाय दुखतात का, डोळे पिवळे दिसतात का?

धुऱ्यावरचा निंब: त्याचे वडीलही दहावीनंतरच वाढले होते. हातपाय लहानपणापासूनच दुखतात, पावसाळ्यात व थंडीत जास्त, आणि दोनदा रक्तही चढवले आहे. ते जुनेच असल्यामुळे लिहिले नाही.

पऱ्हाटी: दोनदा रक्त चढवले, आणि तुम्ही पावडर विचारत होता!

उपकेंद्रातील ताई: वडिलांसारखी उशिराची वाढ असू शकते, पण आपल्या पूर्व विदर्भात हे ऐकल्यावर आधी सिकलसेल, म्हणजे तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार, तपासलाच पाहिजे. या आजारात उंची आणि वयात येणे, दोन्ही एक-दोन वर्षे मागे पडू शकतात. सोल्युबिलिटी ही रक्ताची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली, तर तो केवळ वाहक आहे की आजारी, हे इलेक्ट्रोफोरेसिस या रक्ताच्या पुढच्या तपासणीने ठरते. पावडर आजच बंद करावी.

रानवाट: शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी रोज द्या, रक्त वाढेल.

उपकेंद्रातील ताई: कृपया असे सांगू नका. ती गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, आणि सिकलसेलच्या रुग्णाला, विशेषतः वारंवार रक्त चढवलेले असल्यास, डॉक्टरांना विचारल्याशिवाय लोह देऊ नये. काका, ग्रामीण रुग्णालयात जाताना जुने कागद सोबत न्यावेत.

धुऱ्यावरचा निंब: तिसरीत असताना शाळेत रक्त तपासले होते, तो कागद त्याच्या आजीच्या पेटीत आहे. सोमवारी मजूर लावून देतो आणि त्याला घेऊन जातो. पावडरीचा एक डबा अजून फोडलेला नाही. दुकानदार तो परत घेईल का?