फॅरल असता तरी तेच झालं असतं

२०२३ मध्ये रग्बीत आपलं इंग्लंड घरच्या ट्विकनहॅम मैदानावर फ्रान्सकडून १०-५३ ने हरलं. त्याचं सगळं खापर कर्णधार फॅरलला बाहेर बसवून मार्कस स्मिथला खेळवण्यावर फोडलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. पहिला ट्राय (चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून मिळवलेले गुण) दुसऱ्याच मिनिटाला खाल्ला, मध्यंतराला ३-२७. चाली आखणाऱ्या दहा नंबरच्या जागेवर, जिथे हे दोघं खेळतात, तिथे कोणीही असता तरी काय करणार होता? चेंडूच मिळत नव्हता! प्रत्येक रकमध्ये, म्हणजे जमिनीवर पडलेल्या चेंडूसाठीच्या झटापटीत, फ्रान्सचे फॉरवर्ड्स (पुढच्या फळीतले धिप्पाड खेळाडू) आधी पोचत होते आणि आपले एक पाऊल मागे. फ्लामाँ आणि ओलिवाँ यांचे दोन-दोन ट्राय बघा. एक लॉक, एक फ्लँकर, दोन्ही फॉरवर्ड्सच्याच जागा. फॉरवर्ड्सनी घरात घुसून मारलंय आपल्याला. आणि फॅरल उत्तरार्धात उतरला होताच की, तरीही फ्रान्सचे सातपैकी चार ट्राय मध्यंतरानंतरचेच.

२००८ मध्ये दक्षिण आफ्रिकेकडून ६-४२ ने हरलो तेव्हा वाटलं होतं, घरच्या मैदानावर याहून वाईट काही बघावं लागणार नाही. हा त्याहूनही मोठा पराभव. मी ट्विकनहॅमपासून अर्ध्या तासावर राहते, पंधरा वर्षं झाली. त्या संध्याकाळी ट्रेनमध्ये समोर एक आजोबा बसले होते, मांडीवर इंग्लंडच्या गुलाबाच्या चिन्हाची टोपी, आणि शेजारचा नातू त्यांना काही विचारतच नव्हता. फार लागलं मनाला.

पण प्रशिक्षक बोर्थविकला काढा म्हणणाऱ्यांनी २०२३ चाच ऑक्टोबरही आठवावा. वर्ल्डकपची सेमीफायनल, तीच दक्षिण आफ्रिका, १५-१६. एका गुणाने! त्या रात्री रकमध्ये आपली पोरं आधी पोचत होती.