व्हिडिओ गेममधील अचीव्हमेंट पॉइंट खेळाडूंना खरोखर महत्त्वाचे वाटतात का?

संत्रापट्टा (वरुड)

गेममध्ये ठरावीक कामगिरी केली की तिची नोंद, म्हणजे अचीव्हमेंट, खात्यावर होते आणि तिचे पॉइंट मिळतात. हे पॉइंट म्हणजे नुसता आकडा, त्यातून हाती काही लागत नाही, असे आमच्या गावातील मोठी माणसे म्हणतात आणि हल्ली खेळणारी मुलेही म्हणू लागली आहेत. मला हे मत मान्य नाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. मायक्रोसॉफ्टने नोव्हेंबर 2005 मध्ये एक्सबॉक्स 360 हा कन्सोल, म्हणजे टीव्हीला जोडायचे गेमयंत्र, आणला, तेव्हापासून प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे गेमरस्कोअर, म्हणजे या पॉइंटांची एकूण बेरीज, दिसू लागला आणि दुकानात विकल्या जाणाऱ्या मोठ्या गेमला एकूण 1000 पॉइंट असे प्रमाण ठरले. सोनीने 2008 मध्ये प्लेस्टेशन 3 वर कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम ट्रॉफी दिल्या. मात्र ही ओढ त्याहून जुनी आहे. 1982 च्या 'पिटफॉल' या गेममध्ये 20,000 गुण मिळवून टीव्हीच्या पडद्याचा फोटो टपालाने पाठवला की अ‍ॅक्टिव्हिजन कंपनी कापडी बिल्ला पाठवत असे. फोटो काढायचा, रोल धुऊन घ्यायचा, पाकीट टाकायचे आणि उत्तराची वाट पाहायची, एवढा खटाटोप माणसे एका बिल्ल्यासाठी करत होती. ज्या गोष्टीला काहीच मोल नाही तिच्यासाठी कोणी इतके कष्ट घेत नाही.

आमच्याकडे कन्सोल क्वचितच दिसतो. खेळ चालतो तो मोबाइलवर. कृषिपंपाची वीज रात्री येते, म्हणून संत्र्याच्या बागेत ओलितासाठी जागणारा मुलगा पाण्याची पाळी बदलेपर्यंत बांधावर बसून बीजीएमआय (पबजी मोबाइल या लढाईच्या गेमची भारतीय आवृत्ती) खेळतो. त्याची रँक गेमचा हंगाम संपला की खाली येते, पण मिळवलेली अचीव्हमेंट खात्यावर कायम राहते, आणि हा फरक त्याला नेमका ठाऊक असतो. 2 सप्टेंबर 2020 रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली आणि जुलै 2021 मध्ये बीजीएमआय आल्यावर जुन्या खात्यातील माहिती नव्या खात्यात नेण्याची सोय मिळाली. त्या वेळी आमच्या गावातील मुले जुन्या फेसबुक खात्याचा विसरलेला पासवर्ड आठवण्यासाठी किती धडपडली, हे मी पाहिले आहे. खेळ तर नव्या खात्यावरही तोच होता. धडपड होती ती मागच्या खेळाची नोंद वाचवण्याची.

तळेगाव दशासरच्या शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, एखाद्या बैलजोडीने किती सेकंदांत धाव पूर्ण केली, हे लोक पुढे कित्येक वर्षे सांगतात. बक्षिसाची रक्कम मात्र कोणाच्या लक्षात राहत नाही. अचीव्हमेंटचे मोल मला याच जातीचे वाटते.

कपाशीवाला (आर्वी)

दादा, आपण मांडणी चांगली केली आहे, परंतु शंकरपटाचा दाखला माझ्या मते आपल्या विरोधात जातो. पटात अंतर ठरलेले असते, घड्याळ सर्वांना सारखेच लागते आणि धाव डोळ्यांसमोर होते. गेमरस्कोअरचे तसे नाही. एखाद्या गेमचे 1000 पॉइंट मिळवायला महिने लागतात, तर 2007 मध्ये एक्सबॉक्स 360 वर आलेल्या 'अवतार: द बर्निंग अर्थ' या गेममध्ये सुरुवातीलाच एकच बटण सलग दाबत राहिले की काही मिनिटांत 1000 पॉइंट पुरे होत. दोन्हींची बेरीज एकाच आकड्यात जाते. केवळ पॉइंटसाठी तो गेम भाड्याने आणणारे लोक होते. त्यांना गेमशी काही देणेघेणे नव्हते. मोजमापच असे असेल तर त्या नोंदीवर विश्वास कसा ठेवायचा?

माझा मुख्य आक्षेप मात्र वेगळा आहे. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतील मुलांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. चित्रे काढण्याची मुळातच आवड असलेली मुले त्यांनी निवडली आणि त्यांतील एका गटाला आधीच सांगितले की चित्र काढल्यास सोनेरी शिक्का आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. एक-दोन आठवड्यांनी तीच रंगीत पेने वर्गात मोकळी ठेवली, तेव्हा या मुलांनी चित्रांना दिलेला वेळ इतर मुलांच्या निम्म्याच्या आसपास भरला. जे आवडीने होत होते, ते बक्षिसासाठीचे काम झाले आणि बक्षीस संपताच काम मागे पडले.

आमच्या गावात मला नेमके हेच दिसते. आज गेम खेळायला मजा आली का, असे कोणी विचारत नाही; रोजचे मिशन पूर्ण झाले का, एवढेच विचारतात. कापूस वेचून दमून आलेला मुलगा जेवणाचे ताट बाजूला सारून ते मिशन उरकतो, कारण रात्री ते निघून जाणार असते. ते मिशन त्याने मागितलेले नव्हते. त्याने रोज गेम उघडावा म्हणून कंपनीने ते ठेवले आहे. पॉइंट महत्त्वाचे वाटतात हे खरे, पण ते कंपनीला हवे म्हणून वाटायला लावले जातात, आणि असे वाटणे व खरोखर महत्त्वाचे असणे या दोन गोष्टी मी वेगळ्या मानतो.

मेळघाटातून (धारणी)

एक अनुभव नोंदवते. पुण्यात नोकरीला असलेल्या आमच्या मोठ्या भावाने धाकट्यासाठी वापरलेला एक्सबॉक्स 360 पाठवला होता. आमच्याकडे नेटची रेंज अनेकदा नसते, त्यामुळे त्याची बरीच अचीव्हमेंट नेटविना मिळालेली होती. अशा अचीव्हमेंटचे पॉइंट पूर्ण मिळतात, परंतु त्यांच्यापुढे तारीख येत नाही; नेट नसताना मिळवले, एवढीच नोंद राहते. एक अतिशय अवघड टप्पा त्याने दिवाळीच्या पहाटे पार केला होता आणि त्यापुढे तारीख नाही हे पाहून तो फार हिरमुसला. पॉइंट तर एकही कमी झाला नव्हता. त्यामुळे मला वाटते की त्याला आकडा नको होता, हे आपण केले आणि या दिवशी केले, याचा पुरावा हवा होता.

पैनगंगेकाठचा (उमरखेड)

ताईंचा अनुभव मला या चर्चेत सर्वांत उपयोगाचा वाटतो, कारण पॉइंट आणि अचीव्हमेंट या दोन गोष्टी आपण एकाच दाव्याला बांधत आहोत. स्टीम या संगणकावरील गेमच्या ऑनलाइन दुकानावर 2007 पासून अचीव्हमेंट आहेत, पण त्यांना पॉइंट नाहीतच. तेथे प्रत्येक अचीव्हमेंटपुढे ती किती टक्के खेळाडूंना मिळाली, एवढे दिसते. तरीही गेम शंभर टक्के पूर्ण करण्यामागे लागलेले लोक तेथे भरपूर आहेत. निन्टेंडोच्या 2017 च्या स्विच या कन्सोलवर तर सर्व गेमसाठी सामायिक अशी अचीव्हमेंटची व्यवस्थाच नाही. त्यावरील 'झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड' या गेममध्ये डोंगरदऱ्यांत लपवलेल्या 900 बिया आहेत. त्यांतील 441 मिळाल्या की सामान ठेवण्याची जागा पूर्ण वाढते आणि पुढच्या बियांचा तसा काहीच उपयोग उरत नाही. लोकांनी त्या उरलेल्या बियाही शोधल्या. तेथे पॉइंट देणारे कोणी नव्हते.

म्हणून माझे मत असे की खेळाडूला पूर्णत्व महत्त्वाचे वाटते, दुर्मीळ ते महत्त्वाचे वाटते, आणि पॉइंट हे त्यावर चिकटवलेले लेबल आहे. रिचर्ड बार्टल यांनी 1996 मध्ये खेळाडूंचे चार प्रकार सांगितले होते: यश मिळवणारे, शोध घेणारे, माणसे जोडणारे आणि इतरांवर कुरघोडी करणारे. आमच्या गावातील पोरे बहुतांशी तिसऱ्या प्रकारातली आहेत. चौघे मिळून खेळायला मिळाले, बोलायला मिळाले, की त्यांचे काम झाले. त्यांना अचीव्हमेंटचे पान कोठे उघडते हेही ठाऊक नाही.

संत्रापट्टा (वरुड)

कपाशीवाले भाऊ, एकूण बेरीज फसवी असते, हे मी कधीच नाकारले नसते. परंतु मोजमाप एका जागी ढिले आहे म्हणून सगळी नोंद खोटी ठरत नाही. पैनगंगेकाठच्या भाऊंनी सांगितलेली टक्केवारी आता प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवरही दिसते, आणि जाणते खेळाडू बेरीज न पाहता तीच पाहतात. बटण दाबून मिळालेल्या हजार पॉइंटांनी त्यांच्यात कोणाचा मान वाढत नाही.

आपण सांगितलेल्या प्रयोगाचा दुसरा भागही येथे यायला हवा. एका गटाला तेच प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर अचानक दिले होते, आणि त्या मुलांची चित्रांची आवड कमी झाली नाही. म्हणजे दोष बक्षिसाचा नसून आधी दाखवलेल्या आमिषाचा आहे. रोजची मिशने त्या दोषात बसतात, हे मला मान्य आहे. पण कथेच्या ओघात, ध्यानीमनी नसताना मिळणारी लपवलेली अचीव्हमेंट त्यात बसत नाही.

कपाशीवाला (आर्वी)

लपवलेल्या अचीव्हमेंटची यादी गेम आल्यावर लगेच नेटवर येते, दादा, आणि मुले ती यादी समोर ठेवूनच खेळायला बसतात. तरीही मी एक थेट प्रश्न विचारतो. आपल्या बागेतील मुलाच्या गेममधून उद्या सगळे पॉइंट आणि सगळी अचीव्हमेंट काढून टाकली, तर तो ओलिताच्या रात्री तोच गेम उघडेल की नाही? उघडेल असे आपण म्हणत असाल, तर पॉइंट महत्त्वाचे नव्हते. उघडणार नाही असे म्हणत असाल, तर त्याला गेम आवडतच नव्हता.

संत्रापट्टा (वरुड)

तो गेम उघडेल, भाऊ, परंतु तो आज जसा खेळतो तसा खेळणार नाही. 2007 च्या 'हाफ-लाइफ 2: एपिसोड टू' मध्ये सुरुवातीला बागेत ठेवतात तसला एक बुटक्याचा पुतळा सापडतो. तो उचलून सबंध गेमभर सोबत न्यायचा आणि शेवटाकडे रॉकेटमध्ये ठेवायचा, अशी एक अचीव्हमेंट आहे. लढाई आली की पुतळा खाली ठेवावा लागतो, लढाई संपली की शोधून पुन्हा उचलावा लागतो. गाडी वेगाने चालवली की तो बाहेर पडतो आणि मागे फिरून आणावा लागतो. कथेला त्या पुतळ्याची काडीचीही गरज नाही. ती अचीव्हमेंट नसती तर तो पुतळा सुरुवातीच्या जागेवरून हलवावा असे फारसे कोणाला सुचलेही नसते, आणि ज्यांनी तो शेवटपर्यंत नेला त्यांना त्या गेमबद्दल विचारले की ते आधी त्या पुतळ्याचीच हकीकत सांगतात.