आयोवाची पाच डॉलरची नॅशनल बँक नोट: खरी किंमत कशी काढायची?

दूरदेशी: नमस्कार मंडळी. आमच्या शेजारच्या अमेरिकन आजींच्या जुन्या बायबलमध्ये पाच डॉलरची मोठ्या आकाराची नोट निघाली. डावीकडे माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन, शिक्का निळा, ‘फर्स्ट नॅशनल बँक’ आणि आयोवा राज्यातल्या एका छोट्या गावाचं नाव. तारीख १९०५. खालच्या दोन सह्या जवळजवळ उडाल्यात. किंमत विचारायचं काम आजींनी माझ्यावर सोपवलंय. सह्यांवरून हलकेच पेन फिरवलं तर चालेल?

नोटपारखी: पेन आधी खाली ठेवा! इस्त्री, खोडरबर, पाणी, काहीही नको. सह्या बँकेच्या कॅशियरच्या आणि अध्यक्षाच्या असतात, हाताने किंवा रबरी शिक्क्याने केलेल्या, आणि त्या उडणं नेहमीचं आहे. वरून गिरवलेली सही मात्र नोटेचं कायमचं नुकसान करते.

१९०५ ही छपाईची तारीख नव्हे, ती बँकेच्या सनदेशी (चार्टर, म्हणजे बँक चालवण्याचा सरकारी परवाना) जोडलेली असते. मागे १९०२ आणि १९०८ हे आकडे आहेत का? नसतील तर ती ‘प्लेन बॅक’, साधारण १९१५ ते १९२९ मधली. दोन्ही अनुक्रमांक एकच असले तर १९२५ किंवा त्यानंतरची, कारण तेव्हा ट्रेझरीचा, म्हणजे अमेरिकी अर्थखात्याचा, वेगळा क्रमांक बंद झाला.

पण पैसा वयात नाही, बँकेत आहे. या नॅशनल बँक नोटा १८६३ ते १९३५ हजारो बँकांनी आपापल्या नावाने काढल्या. मोठ्या शहरातल्या बँकेची वापरलेली पाचाची प्लेन बॅक शंभर डॉलरच्या आसपास मिळते. तीच नोट दोन-चारच उरलेल्या गावच्या बँकेची असली, तर हजारांत जाते. मला हा छंद याचसाठी प्रिय आहे: कधीच बंद पडलेल्या बँकेचं नाव एवढ्या कागदावर टिकून राहतं. समोर ठळक छापलेला चार्टर नंबर, म्हणजे बँकेच्या सनदेचा क्रमांक, तेवढा कळवा.

कागदवेडा: नॅशनल करन्सी फाउंडेशनची गणना पाहा. कुठल्या चार्टरच्या किती नोटा माहीत आहेत, ते तिथे कळतं. मग लिलावांचे जुने निकाल काढा, त्याच बँकेचे आणि त्याच दर्जाचे. विक्रेत्यांनी मागितलेले भाव धरू नका.

दूरदेशी: मागे आकडे नाहीत, फक्त पिलग्रिम्स (अमेरिकेत आलेले सुरुवातीचे इंग्रज वसाहतकार) उतरतानाचं चित्र. अनुक्रमांक वेगवेगळे. चार्टर चार आकडी आहे, आजींना विचारून इथे टाकते.

नोटपारखी: म्हणजे १९२५ पूर्वीची प्लेन बॅक. पीव्हीसी (एक प्रकारचं प्लास्टिक) नसलेल्या पाकिटात सपाट ठेवा. गणनेत पाचपेक्षा कमी नोटा निघाल्या, तर विकण्याआधी पीएमजी या नोटा तपासणाऱ्या कंपनीकडून दर्जा ठरवून घ्या.